संख्या आणि तिचे लेखन : कापरेकरांच्या वर्गीकरणाचा एक विचार

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या त्या परंपरेने वाचू गेल्यास तिचा पहिला अंक ‘मध्य’ या सतराव्या स्थानी येतो. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग होय. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ज्या संख्यांस ‘डेम्लो’ हे नाव दिले, त्यांमध्ये हिची गणना होते.

डहाणू येथे जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ साली त्यांस रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीस शाळाशिक्षक होते. संख्यांचे वर्ग पाडणे आणि त्यांस नावे देणे हा त्यांचा व्यासंग. ‘डेम्लो’ हे नाव त्यांनी एका रेल्वेस्थानकावरून घेतले, तर ‘हर्षद’ हे संस्कृतावरून. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, संख्या.

अशा अभ्यासावरील आक्षेप जुना आहे. अंक उलट क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येची पट असलेल्या चार अंकी संख्या ८७१२ व ९८०१ या दोनच. हार्डी यांनी १९४० साली हे उदाहरण घेऊन असे प्रतिपादिले की, ही माहिती कोड्यांच्या सदरास शोभेल, गणितज्ञास तीत घेण्याजोगे काही नाही. असे गुण संख्येचे नसून दशमान लेखनाचे होत, असाही आक्षेप घेता येतो.

प्रस्तुत संख्येवर हा आक्षेप ताडून पाहावा. ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा ती गुणाकार आहे. लेखनपद्धती बदलली तरी हे अवयव बदलत नाहीत. तिचे दोहों बाजूंनी सारखे वाचले जाणे मात्र लेखनावर अवलंबून आहे. दहा एकांचा वर्ग केल्यास हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते. तेथे सममिती मोडते.

तथापि ही मर्यादा आकस्मिक नाही. अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो. आठव्या एकास तेथेही हातचा येतो. पाया कोणताही असो, त्याहून एकाने कमी इतके एक घेईपर्यंत सममिती टिकते. त्या अखेरच्या संख्येच्या अंकांची बेरीज दशमानात ८१ म्हणजे ९ चा वर्ग, अष्टमानात ४९ म्हणजे ७ चा वर्ग येते. आणि त्या बेरजेने संख्येस दोन्हीकडे निःशेष भाग जातो. कारण पायातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने त्या एकांच्या ओळीस भाग जातो, म्हणून ओळीच्या वर्गास तिच्या वर्गाने जातो. अर्थात ही संख्या प्रत्येक पायात हर्षद ठरते.

एका लिपीत दिसलेला नियम सर्व पायांस लागू पडला, म्हणजे हार्डींचा आक्षेप निदान येथे तरी टिकत नाही. स्थानमूल्यावर आधारलेले लेखन हीही एक रचना आहे आणि तिचे नियम सिद्ध करता येतात. कापरेकरांची नावे या रचनेच्या अभ्यासाची परिभाषा म्हणून वाचली, तर देवळालीच्या शिक्षकाचे कार्य केवळ मनोरंजनाच्या सदरात टाकता येणार नाही.