हुर्यो

ड्राफ्टवरून भांडायचा आम्हा फिलाडेल्फियाकरांचा हक्क जुना. तळाच्या संघाने कॉलेजचा खेळाडू आधी निवडायचा, ही कल्पनाच मुळी आमच्या ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. (पहिल्या खेपेला तळाला कोण? ईगल्सच!) १९३६ मध्ये इथल्याच रिट्झ-कार्ल्टन हॉटेलात पहिलं नाव निघालं जे बर्वांगरचं. तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

१९९९ ला दुसरी निवड आमची होती. गावाला रिकी विल्यम्स हवा होता, महापौर रेंडेलसुद्धा त्याच्याच बाजूचे. डोनोव्हन मॅकनॅबचं नाव पुकारलं आणि न्यूयॉर्कला मुद्दाम बस करून गेलेल्या आमच्या मंडळींनी त्याची हुर्यो उडवली. विल्यम्सपायी न्यू ऑर्लिन्सने त्या वर्षीच्या साऱ्या निवडी वॉशिंग्टनला देऊन टाकल्या, शुद्ध वेडेपणा. मॅकनॅबने ईगल्सना २००५ च्या सुपर बाउलपर्यंत नेलं. तिथे २४-२१ असे हरलो, तेव्हा ‘तरी मी म्हणत होतो’वाले पुन्हा निघालेच.