चर्चा लंडनला, फटके जमैकात



शाळेत आपल्याकडून एक वाक्य घोटून घेतलं जातं : १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद केली. परीक्षेत मार्क मिळवायला एवढं पुरतं. पण ज्याच्या पाठीवर गुलामगिरी होती त्याच्या बाजूने हे वाक्य वाचायचं तर ते उसवून बघावं लागतं. मी जमैकाचा धागा धरून ते उसवतो. कारण या एका बेटाच्या कारभारावर पार्लमेंट तीस-पस्तीस वर्षं भांडत राहिलं, आणि त्या भांडणात सत्तेची भाषा कशी फिरते ते स्वच्छ दिसतं.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. लंडनपासून जहाजाने काही आठवड्यांच्या वाटेवर. तिथे ऊस पिकायचा, साखर विलायतेला जायची. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची तीन लाखांवर लेकरं तिथे गुलाम होती. बेटाला स्वतःची असेंब्ली होती. म्हणजे निवडलेलं सभागृह. निवडणारे मळेवाले, निवडून येणारे मळेवाले आणि त्यांचे सोयरेधायरे.

१८३१च्या नाताळात सॅम शार्प नावाच्या गुलामाने बेत केला. तो बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन करायचा. बेत साधाच होता : सुटी संपली की मजुरीशिवाय कामाला जायचं नाही. म्हणजे संप. पण मळे पेटले, फौज आली. १४ गोरे मेले. बदल्यात तीनशेवर गुलामांना फाशी दिलं, गोळ्या घातल्या. लढताना मेले ते वेगळेच. २३ मे १८३२ला शार्पला मॉन्टेगो बेच्या चौकात लटकवला. वर्षभराने पार्लमेंटमध्ये मुक्तीचा ठराव आला. विलायतेतल्या भल्या माणसांनी चळवळ केली, लाखो सह्यांचे अर्ज दिले, हे मी नाकारत नाही. पण शार्पने मळे बंद पाडून दाखवले नसते तर हे बिल आणखी किती वर्षं पडून राहिलं असतं कोण जाणे.

१४ मे १८३३ला वसाहतमंत्री स्टॅन्लीने योजना मांडली. गुलाम मोकळे, पण मळेवाल्यांना दीड कोटी पौंडांचं कर्ज. मळेवाल्यांनी बोंब मारली. मग कर्जाचं झालं बक्षीस आणि दीड कोटीचे झाले दोन कोटी पौंड. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के! यातले एकट्या जमैकाच्या मालकांना ६१ लाखांवर मिळाले. नुकसानभरपाई. कुणाचं नुकसान? पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबला त्याचं नव्हे. फुकट राबवून घेणाऱ्याचं. गुलामाला दमडी नाही. भरपाई द्यायचीच तर गुलामाला द्या, असं म्हणणारे होते. त्यांचं कोण ऐकतो?

पुढे पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन तेव्हा नवाकोरा मेंबर. गुलामांच्या प्रश्नावरच्या त्याच्या पहिल्या मोठ्या भाषणात त्याने गयानातल्या बापाच्या मळ्याची बाजू राखली. त्या बापाला, जॉन ग्लॅडस्टनला, अडीच हजारांवर गुलामांपोटी लाखावर पौंड मिळाले. आणि गुलाम सुटणार म्हटल्यावर त्याने मजूर कुठून मागवले? आपल्याकडून. १८३८ साली कलकत्त्याहून दोन जहाजं गयानाला गेली. त्यांत बरेचसे छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी होते. एक साखळी तुटली की दुसरी कुठे घडते ते बघून ठेवा.

दोन कोटींसाठी सरकारने कर्ज काढलं. ते पुढच्या कर्जांत मिसळत मिसळत २०१५ साली एकदाचं फिटलं. म्हणजे जमैकाहून इंग्लंडात येऊन बस चालवणाऱ्या, इस्पितळात राबणाऱ्या माणसांनीही आपल्या आज्याला विकत घेणाऱ्याची भरपाई करातून भरली. याला म्हणायचं मालकी हक्क!

आता त्याच उन्हाळ्यातली, त्याच सभागृहातली दुसरी गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं बिल चालू होतं. १० जुलै १८३३ला मेकॉलेचं गाजलेलं भाषण झालं. लंडनच्या एखाद्या दंग्यात डोकं फुटलं तरी इथे हिंदुस्थानातल्या लढायांपेक्षा जास्त गलबला होतो, अशी तक्रार त्याने त्यातच केली. या बिलात हिंदुस्थानातली गुलामी १२ एप्रिल १८३७पर्यंत संपवायचं कलम होतं. वेलिंग्टन, एलेनबरो यांच्यासारखे लॉर्ड आडवे आले : लोकांच्या घरगुती चालीरीतींत हात घालू नका. कलम पातळ झालं. गव्हर्नर-जनरलने गुलामांची स्थिती सुधारायचा विचार करावा, एवढंच उरलं. आणि जमैकाच्या मुक्तीच्या कायद्यातही कंपनीचा मुलूख सरळ वगळला. इथे गुलामीला कोर्टाने मान्यता देऊ नये असा कायदा यायला १८४३ उजाडलं. 'चालीरीती' हा शब्द आपल्याला नवा नाही. त्याच शब्दाआड माणसाला पाणवठ्यावरून हाकलत होते. म्हणून १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुस्तकाचं नाव 'गुलामगिरी' ठेवलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे सहज झालेलं नाही.

परत जमैकात. १ ऑगस्ट १८३४ला गुलामी संपली आणि 'अ‍ॅप्रेंटिसशिप' सुरू झाली. म्हणजे उमेदवारी. आपल्याकडे पोरगं सुताराकडे, सोनाराकडे उमेदवारीला ठेवतात, कारण त्याला काम शिकायचं असतं. इथे जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाला सहा वर्षं ऊस तोडायचं शिकायचं होतं! आठवड्याला ४५ तासांपर्यंत फुकट. सरळ वेठबिगारी. मालकाने स्वतः फटके मारायचे नाहीत. त्यासाठी मॅजिस्ट्रेट नेमले.

याला तोंड फोडलं एका पोराने. जेम्स विल्यम्स, वय अठराच्या आसपास, सेंट अ‍ॅन भागातला. गुलामी उठवणाऱ्यांनी त्याला सोडवून इंग्लंडला नेलं आणि १८३७ साली त्याने सांगितलेली हकिगत छापली. उमेदवारीत आपल्याला गुलामीपेक्षा जास्त मार पडला, हे त्याने तारीखवार, नाववार सांगितलं. तुरुंगातली पायचक्की सांगितली : मनगटं वर बांधायची, पायाखाली लाकडी चाक फिरत ठेवायचं, पाय चुकला की नडग्या सोलायच्या. बायांनाही तेच. मळेवाले म्हणाले, खोटं. चौकशी बसली, बहुतेक सगळं खरं निघालं. लोकमताच्या रेट्याने उमेदवारी दोन वर्षं आधी, १ ऑगस्ट १८३८ला, संपली. आपली आत्मकथनं ही नुसती रडगाणी आहेत म्हणणाऱ्यांना या पोराचं नाव सांगा. रडगाण्याने कायदा मोडला.

पण खरी मेख पुढे आहे. पार्लमेंटने जमैकाच्या तुरुंगांसाठी कायदा केला तशी असेंब्ली भडकली. आमच्या घरच्या कारभारात लंडनने का ढवळाढवळ करावी? आम्ही काम बंद करतो! तेव्हा मेलबोर्नच्या सरकारने असेंब्ली पाच वर्षं गुंडाळायचं बिल आणलं. विरोधक उठले : वसाहतीच्या स्वराज्याचं काय? घटनेचं काय? ६ मे १८३९ला बिल अवघ्या पाच मतांनी तरलं आणि मेलबोर्नने राजीनामा दिला. 'स्वराज्य' शब्दाच्या पाठीमागे पायचक्कीचे मालक उभे होते.

आता सव्वीस वर्षं पुढे या. १८६५. बेटावर सुमारे ४ लाख ४० हजार माणसं, त्यांत गोरे १४ हजारांच्या आत. मालमत्तेच्या अटींमुळे मतदार दोन हजारांच्या आत. दुष्काळ, महागाई. सेंट अ‍ॅनच्या गरिबांनी राणीकडे कसायला जमीन मागितली. मायबाप सरकारचं उत्तर आलं : मन लावून मजुरी करा. ११ ऑक्टोबरला पॉल बोगल माणसं घेऊन मोरांट बेच्या कोर्टावर गेला. गोळीबार झाला, मग कोर्ट जळलं. गव्हर्नर आयरने लष्करी कायदा पुकारला. ४३९ माणसं मारली, ६०० फटकावली, हजार घरं जाळली. हे आकडे सरकारी कमिशनचेच आहेत. असेंब्लीचा मेंबर जॉर्ज विल्यम गॉर्डन गरिबांची बाजू घ्यायचा. लष्करी कायदा नसलेल्या किंग्स्टनमधून त्याला उचलून मोरांट बेला नेला आणि फासावर दिला. दुसऱ्या दिवशी बोगलला.

आणि असेंब्लीने काय केलं? काळे आज ना उद्या मतांनी इथे बसतील या धास्तीने तिने स्वतःलाच बरखास्त करून घेतलं. १८३९ साली ज्या घटनेसाठी छाती बडवली, ती घटना स्वतःच्या हाताने राणीच्या ओटीत घातली. पार्लमेंटने १८६६ साली झटपट कायदा करून शिक्का मारला. गुलाम हातात होता तोवर स्वराज्य. त्याच्या हातात मत यायची वेळ आली की परक्याचं राज्य बरं!

३१ जुलै १८६६ला कॉमन्समध्ये आयरवर चर्चा झाली. जॉन स्टुअर्ट मिल कडाडून बोलला. हळहळीचा एक ठराव झाला. शिक्षेचे, भरपाईचे ठराव मागे घेतले गेले. आयरला शिक्षा झाली नाही. पुढे त्याचा कोर्टखर्च सरकारने दिला, पेन्शनही दिली. जमैकात सरसकट प्रौढ मताधिकार यायला १९४४ उजाडलं.

बाबासाहेबांनी १९३०च्या गोलमेज परिषदेत स्वराज्य हवंच म्हटलं. पण सत्ता नुसती ब्रिटिशांकडून वरच्यांच्या हाती जाणार असेल तर आमचं काय, हा सवालही लावून धरला. कित्येकांना तो कटकटीचा वाटला. जमैकाची असेंब्ली डोळ्यांपुढे ठेवा, सवाल किती खरा होता ते कळेल.

पार्लमेंटची ही भाषणं छापलेली आहेत, आज ती फुकट वाचायला मिळतात. वाचा. इंग्रजी जड वाटलं तर चौघांनी बसून वाचा. दर भाषणापाशी थांबून तीनच गोष्टी वहीत लिहा : पैसा कुणाच्या खिशात गेला, 'हक्क' हा शब्द कुणासाठी वापरला आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो सभागृहात होता का. मग ही वही घेऊन आपल्याकडच्या सभागृहांची जुनी भाषणं काढा.