आजीचं लुगडं, नोएडाची मेट्रो

मागच्या भागात पगडी आणि टोपीबद्दल बोललो, तेव्हा काहीजणांनी विचारलं की ताई, तुम्ही स्वतः प्रत्येक भागात नऊवारीत कशा असता, हा काय पोशाख ठरवला आहे का? म्हणून आज त्याबद्दलच.

मी नोएडात सेक्टर 62 ला राहते आणि दर बुधवारी माझ्या आजीची इरकल नेसून मेट्रोने कामावर जाते. बाकीचे दिवस तुमच्यासारखीच, कुर्ता नाहीतर जीन्स. ही इरकल साधारण 1958 ची. आजी तासगावची, तिथल्या बाजारातून घेतलेली. नोएडा हे शहरच मुळी 1976 साली कागदावर आलं, म्हणजे मी ज्या रस्त्यांवरून चालते त्यांच्यापेक्षा माझं लुगडं वयाने मोठं आहे. अंग सुती, पदर रेशमी. लाल पदरावर पांढरे दातेरी पट्टे. पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फास घालून जोडतात, त्याला टोपेतेणी म्हणतात. तो सांधा अजून जसाच्या तसा आहे. विरलं आहे ते काठाजवळ, जिथे आजी ओचा खोचायची.

पहिल्या बुधवारी तपासणीच्या पडद्यामागे सुरक्षारक्षक बाई थबकल्या. "मैडम, ये धोती है या साड़ी?" मी म्हटलं, दोन्ही. त्या हसल्या आणि कासोटा नीट बघून घेतला. डब्यात एका मुलीने विचारलं, शूटिंग आहे का? 'बाजीराव मस्तानी' हे नाव तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवते. उत्तर भारतात नऊवारी म्हणजे 2015 चा तो सिनेमा, नाहीतर लावणी. राग येत नाही. ज्यांनी कधी पाहिलंच नाही त्यांनी सिनेमातूनच ओळखायचं ना? मला टोचतो तो आपल्या माणसांचा प्रश्न. गणेशोत्सवात भेटलेल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, आज कुठे कार्यक्रम आहे का तुझा?" नऊवारी म्हणजे कार्यक्रम! ज्या कपड्यात आमच्या आज्यांनी विहिरीचं पाणी शेंदलं, भांगलण केली, त्याचा दोन पिढ्यांत पोशाख झाला.

बरं, नऊवारीवर मी बूट घालते. चालायला बरे पडतात. ऑफिसातल्या मुलींना ते फार आवडतं, फोटो काढतात. आता दीडशे वर्षं मागे चला. आनंदीबाई जोशी, पुढे डॉक्टर झालेल्या. फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी इंग्रजीत भाषण केलं, अमेरिकेला का जाते आहे हे सांगणारं. त्यात त्यांनी मुंबईतले दिवस आठवले आहेत. हातात पुस्तकं घेऊन शाळेला निघाल्या की लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढत, कुणी गाडी थांबवून बघत. आणि रस्त्यावरचे हसून विचारत, ही कोण बाई बूट-मोजे घालून शाळेत चालली, कलियुग ते हेच का! बंगालमध्ये नवऱ्याबरोबर पायी फिरायला गेल्या तरी भोवती गर्दी व्हायची. लुगडं तेच, बूटही तेच. माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि त्या मुलीची टवाळी झाली. मी कुणाची रीत मोडत नाही, माझं सगळं गमतीत निभतं. तिच्या पायातले बूट शाळेकडे चालले होते.

पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. त्याच भाषणात त्यांनी ठासून सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पोशाखही बदलणार नव्हत्या. पण अमेरिकेतल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, तिथल्या लोकांच्या डोळ्यालाही ते चालेना. मग आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. एवढ्यावरून गोपाळराव पत्रातून नाराज झाले. फिलाडेल्फियाला 1885 मध्ये काढलेला तो प्रसिद्ध फोटो पाहा: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या ताबात इस्लामबूली. आपण त्याकडे 'आपला पोशाख जपला' म्हणून बघतो. त्या निऱ्यांमागे नवऱ्याशी झालेला वाद आहे, हे फोटोत दिसत नाही.

पुढे तर या कासोट्यावरून घराघरांत भांडणं झाली. कासोट्यासकट नेसणं ते सकच्छ, बिनकासोट्याचं ते विकच्छ. कॉलेजात जाणाऱ्या मुली 'गोल' नेसू लागल्या आणि सोवळ्यातल्या सासवांना वाटलं आता धर्म बुडाला. गंमत बघा, त्याच काळात नऊवारी कशी नेसावी, पदर कसा घ्यावा हे मराठी बायका एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या: बालगंधर्व. मग युद्ध आलं, 1943 मध्ये सरकारने कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. टंचाईत एवढं कापड अंगाला गुंडाळणं परवडणार कुणाला? माझं मत विचाराल तर पाचवारीला सुधारकांनी जितकं पुढे आणलं, तितकंच कापडाच्या भावाने.

हे सगळं मी एकदा आमच्या सोसायटीत रंगवून सांगत होते. आपली नऊवारी, आपला वारसा वगैरे. ऐकणाऱ्यांत रायगड जिल्ह्यातली एक मैत्रीण होती. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुमच्या आजीचं लुगडं घोट्यापर्यंत येतं ना? माझ्या पणजीला तसं नेसायची मुभा नव्हती."

मला महाड माहीत होतं. चवदार तळं, डिसेंबर 1927 मध्ये जाळलेली मनुस्मृती. पण त्याच परिषदेत बाबासाहेब आंबेडकर बायकांशी वेगळे बोलले, ते मी वाचूनही नजरेआड केलं होतं. त्यांनी सांगितलं की तुमची लुगडं नेसायची तऱ्हा हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका. वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसं नेसा. गळ्यातल्या ढीगभर माळा, हातभर चढवलेले दागिने, तेही उतरवा. शेतात राबणाऱ्या इतर बायकाही लुगडं वर खोचत, पण घरी आल्यावर ते खाली सोडता येत होतं. इथे गुडघ्याजवळ थांबलेला काठ लांबूनच जात सांगायचा. महाडला जमलेल्या बायकांनी लगेच दुसऱ्या दिवशी नेसणं बदललं. कापड बदललं नाही, पैसाही लागला नाही. काठ वीतभर खाली आला. सकच्छ-विकच्छाच्या सगळ्या वादात कासोट्याची चर्चा आहे. काठ किती वर असावा हा प्रश्न तिथे नाही, कारण वाद घालणाऱ्यांना तो कधी पडलाच नव्हता.

मी तिला विचारलं, पणजीचं काही ठेवलंय का? "लुगडं कुठलं राहायला, गोधडीत गेलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला शिकवाल का नेसायला?"

एका रविवारी आम्ही दाराला कडी लावून बसलो. माझ्याकडची दुसरी इरकल, काळ्या अंगाची. कमरेला गाठ, निऱ्या, मग मधला भाग मागे नेऊन कासोटा. तीनदा सुटला. चौथ्यांदा जमला तेव्हा मी सवयीने काठ घोट्याच्या जरा वर धरला. मला तेवढाच सोयीचा पडतो, जिन्यावर अडकत नाही. तिने आरशात पाहिलं, वाकली आणि काठ आणखी दोन बोटं खाली ओढला.

"अडकेल हं," मी म्हटलं.

"अडकू दे," ती म्हणाली.

त्या बुधवारी आम्ही दोघी निघालो. जिन्यावर तिचा काठ अडकलाच, एका हाताने उचलून धरून ती चढली. तपासणीच्या पडद्यामागे त्याच बाई होत्या. "आज दो-दो?" म्हणाल्या, आणि मैत्रिणीचा कासोटा पाहून मला सांगितलं, "इनकी ज़्यादा अच्छी बँधी है."