सेकंड हँड मॉडिफाइड बाईक घेताय? तिची खरी किंमत अशी काढा

टोमॅटोचा हंगाम संपला आणि घोडेगावहून मामेभावाचा फोन आला. "दादा, नारायणगावला एक मॉडिफाय केलेली बुलेट बघितलीय. मालक १ लाख ४५ हजार म्हणतोय. ६० हजार तर नुसते मॉडिफिकेशनला घातलेत म्हणे. घेऊ का?"

पैसे त्याच्या वर्षभराच्या कष्टाचे होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मेकॅनिक नाही. पण हिशोब नीट मांडता येतो. तोच हिशोब या लेखात स्टेप बाय स्टेप बघूया.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. मालकाने किती खर्च केला, ही गाडीची किंमत नाही. तो त्याच्या हौसेचा खर्च आहे.

सूत्र काय आहे?

खरी किंमत = त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या ओरिजिनल गाडीचा भाव + उपयोगी जादा पार्टची आजची किंमत − गाडी मूळ स्थितीत आणायचा खर्च − कागदपत्रांचा खर्च

स्टेप १ : गाडी बघायच्या आधी नंबर बघा

एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. मालक कितवा, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का, गाडीवर कर्ज आहे का, हे कळतं. ई-चलान पोर्टलवर थकलेला दंडही बघून घ्या.

दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, मग नूतनीकरण करावं लागतं. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. म्हणजे आज विकायला येणारी प्रत्येक आरएक्स ही मुदत ओलांडलेली आहे. नूतनीकरण झालेलं नसेल तर इंजिन कितीही गोड वाजू द्या, व्यवहार करू नका.

स्टेप २ : चेसिस आणि फ्रेम

चेसिस नंबर बहुतेक बाईकवर हँडलखालच्या फ्रेमच्या नळीवर कोरलेला असतो, इंजिन नंबर इंजिनच्या केसिंगवर. दोन्ही आरसीशी एकेक अक्षर जुळवा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथूनच परत फिरा.

मग मोबाईलची टॉर्च लावून सीटखाली बघा. बॉबर किंवा कॅफे रेसर लूकसाठी बऱ्याचदा मागची फ्रेम कापून नवी नळी वेल्डिंग करतात. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजारांचा दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि गाडी नावावर झाली की मालक तुम्ही!

कापलेल्या फ्रेमला सूत्र लावू नका. ती गाडी सोडून द्या.

स्टेप ३ : जादा पार्टची किंमत

- टायर : बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. "नवीन टायर" किती नवीन, ते इथे कळतं.
- क्रॅशगार्ड, कॅरिअर, चांगला हेडलाइट : आजच्या नव्या किमतीच्या साधारण निम्मे धरा.
- इंदोरी किंवा पंजाबी सायलेन्सर : शून्य धरा. उलट ओरिजिनल सायलेन्सरचा खर्च वजा करा.
- रंग : शून्य. आरसीवर रंगाचा रकाना असतो, तिथे जुनाच रंग असेल तर नोंदीचं काम तुमच्या गळ्यात.

स्टेप ४ : वायरिंग

मॉडिफाइड गाडीत सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. टेप गुंडाळलेले जोड मोजा. मल्टिमीटर असेल तर बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.५ व्होल्ट आणि चालू करून थोडी रेस दिल्यावर १४ च्या आसपास दिसायला हवेत. वाढत नसतील तर चार्जिंगमध्ये गडबड आहे.

स्टेप ५ : चढावर चालवा

सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच वाटते. मंचर-घोडेगाव-भीमाशंकर रस्त्यावरचा एखादा चढ मागे माणूस बसवून चढवा. क्लच घसरतो का, धूर येतो का, बघा. सपाटीवर हळू वेगात हँडल ओढतं का, तेही तपासा.

आमचा हिशोब

तशाच ओरिजिनल बुलेटचा आपल्या भागातला भाव आम्ही चार ठिकाणी विचारला. १ लाख १० हजार निघाला. टायर आणि क्रॅशगार्डचे ८ हजार वाढवले. सायलेन्सर, सीट, मागचा मडगार्ड यांचे १६ हजार, वायरिंगचे ९ हजार आणि थकलेल्या चलानचे ३ हजार वजा केले. उरले ९० हजार. मागणी १ लाख ४५ हजार! म्हणजे ५५ हजारांचा फरक, तोही फ्रेम ठीक आहे असं धरून.

मग सीट काढली. मागच्या नळीवर रंगाखाली वेल्डिंगचा जाड जोड होता. भाऊ थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, चहा घेऊ आणि निघू."

पसंत पडली तर

फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्स नावावर करायचा अर्जही १४ दिवसांत द्या, आणि गाडीतले बदल कंपनीला लेखी सांगा. लपवलेले बदल क्लेमच्या वेळी नडतात.

गाडी बघायला जाताना हे सूत्र मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवा आणि आकडे तिथेच भरा. गाडी आवडल्यावर केलेला हिशोब नेहमी गाडीच्या बाजूनेच लागतो.