सोळा रस्ते, एक गोलाई आणि रांगेचं गणित

मंडळी, लातूरकरांना गंजगोलाई सांगावी लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात: मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती दुमजली गोल इमारत, बाहेर तोंड करून बसलेली दुकानं आणि येऊन मिळणारे १६ रस्ते. सराफा, चपला, मिरची, गूळ... प्रत्येकाचा बाजार वेगळा.

१९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातुरात पोचली. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी गोलाईचा आराखडा केला आणि १९१७ मध्ये मुख्य इमारत उभी राहिली. काळ बैलगाड्यांचा. गाडी यायची ती थांबायला, माल उतरवायला. आज त्याच गोलाला आपण वाहनं पलीकडे पोचवायचं कामही लावलंय. घोळ इथेच आहे.

गोल चौकाचं एक साधं तत्त्व आहे: आत असलेल्याला आधी बाहेर पडू द्यायचं. बाहेरचे घुसले की आतले अडकतात, आतले अडकले की बाहेरच्यांनाही जागा मिळत नाही. सगळा गोल स्वतःच स्वतःला कुलूप लावून घेतो! इंग्लंडातसुद्धा आतल्याला प्राधान्य देण्याचा नियम १९६६ साली आला.

आता रांगेचं गणित. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या एर्लांगने टेलिफोन कॉल्ससाठी त्याचा पाया घातला. त्यातलं सगळ्यात सोपं सूत्र घेऊ. क्षमतेच्या ८० टक्के वाहनं आली, तर सरासरी ४ वाहनं खोळंबलेली असतात (जिचा नंबर चालू आहे ती धरून). ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना चक्क १९! वाहनं वाढली पाचव्या हिश्शाहूनही कमी, रांग मात्र जवळजवळ पाचपट. खरा रस्ता या सूत्राइतका सरळ नसतो, पण कल तोच.

हेच उलटं वाचा. गर्दीच्या वेळी थोडीच वाहनं कमी झाली तरी रांग कितीतरी आखडते. माल पहाटे किंवा रात्री उतरवला, ज्याला फक्त पलीकडे जायचंय तो रिंग रोडने गेला, तर एकही वीट न हलवता गोलाई मोकळी होऊ शकते.

आमच्याकडे उपाय म्हटलं की रुंदीकरणच आठवतं. शेजारच्या नांदेडात २००८ च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीसाठी रस्ते रुंद झाले. लाखो भाविक यायचे होते, गरजच होती. पण गोलाई रुंद करायची म्हणजे दुकानं पाडायची. आणि लोक येतात ते त्या दुकानांसाठीच ना?

ज्या बाजारासाठी रस्ता केला, तो बाजारच मोडून रस्ता मोकळा करण्यात कसला शहाणपणा? असो. तुमच्या गावातल्या चौकाकडे एकदा या नजरेने बघा. तिथे कोण थांबायला आलंय आणि कोण नुसतं पलीकडे जायला, एवढं जरी मोजलं तरी निम्मं उत्तर हाती लागेल.