लापशी, धाक आणि खोडी : नाताळच्या बुटक्यांचा इतिहास

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या अनेक घरांत लाल कपड्यांतला एक सडपातळ बाहुला फळीवर येऊन बसतो. दिवसभर तो हलत नाही. सकाळी मात्र भलतीकडेच सापडतो. कधी पिठात लोळलेला, कधी साखरेच्या डब्यात पाय बुडवून बसलेला. मुले झोपल्यावर ही करामत करणारे हात अर्थातच आईबापांचे. हा खेळ या शतकातला असला, तरी त्यातला एल्फ, म्हणजे नाताळचा बुटका, फार जुन्या कुळातला आहे. त्या कुळाचा इतिहास चाळू लागलो की एक प्रश्न पुन्हापुन्हा आडवा येतो : मोठ्यांवर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या मुलांना मोठ्यांनी काय दिले, धाक की गंमत?

या कुळाचा एक मूळपुरुष उत्तर युरोपातल्या शेतघरांत राहत असे. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये त्याला निस्से म्हणत, स्वीडनमध्ये तोम्ते. वीतभर उंचीचा, करड्या कपड्यांतला हा म्हातारा गोठ्यात वावरे, गुरे-घोडी सांभाळी आणि घराची भरभराट राखी. कोकणातल्या वाचकाला इथे राखणदार आठवेल. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण व्यवहार सारखाच : मान द्या, राखण घ्या. निस्सेचा मान म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री ठेवलेली वाडगाभर लापशी आणि तिच्यात लोण्याचा गोळा. चौदाव्या शतकात स्वीडनच्या संत बिर्गिता यांनी अशा घरदेवांच्या पूजेचा निषेध केला होता. धर्मपीठाला दखल घ्यावी लागावी, इतका हा म्हातारा लोकांच्या घरांत रुजलेला होता.

त्याची एक गोष्ट अनेक भागांत सांगतात. नाताळच्या रात्री लापशीवर लोणी दिसेना, म्हणून निस्से चिडला आणि त्याने घरातली उत्तम गाय मारून टाकली. परत येऊन लापशी खाल्ली, तर लोणी वाडग्याच्या तळाशी! खजील होऊन त्याने शेजारच्या शेतावरून तशीच गाय आणून गोठ्यात बांधली. या निस्सेत भीतीही आहे आणि हसूही. पुढच्या काळात या दोहोंपैकी कशाला धरायचे, हे मोठ्यांनी ठरवले.

आइसलँडमध्ये आधी भीतीला धरले गेले. तिथे ग्रीला नावाची राक्षसीण द्वाड मुलांना शिजवून खाते आणि तिचे मुलगे नाताळच्या सुमारास डोंगरावरून गावात उतरतात, असे सांगत. थंडीच्या अंधारात, एकाकी शेतघरात मुलांना वठणीवर आणायला हा बागुलबुवा फार सोयीचा होता. त्याचा इतका अतिरेक झाला की १७४६ साली निघालेल्या सरकारी फर्मानाने अशा गोष्टी सांगून मुलांना भेडसावण्यास मनाई केली. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली होते. मुलांच्या मनातली भीती हा राज्यकारभाराचा विषय व्हावा, ही अठराव्या शतकात मोठीच गोष्ट.

फर्मानाने ग्रीला मेली नाही. पण तिची पोरे हळूहळू माणसाळली. १९३२ साली कवी योहानेस ऊर कोट्लुम यांच्या नाताळच्या कवितासंग्रहात त्या तेरा भावांची आज रूढ असलेली नावे आणि क्रम पक्के झाले. एक चमचे चाटतो, एक रात्री दारे आपटतो, एक सॉसेज पळवतो, एक मेणबत्त्या लांबवतो. खाणारे राक्षस उरले नाहीत, उरले ते खोडकर. आज १२ डिसेंबरपासून आइसलँडमधली मुले खिडकीत बूट ठेवतात. दर रात्री एकेक भाऊ येऊन त्यात काहीतरी टाकून जातो. वात्रटपणा केलेल्याच्या वाट्याला बटाटा! धाक गेला नाही, पण बटाट्याएवढा झाला.

स्वीडनमध्ये हा बदल चित्रांनी घडवला. व्हिक्टर रिडबर्ग यांच्या नाताळकथेच्या १८७५ सालच्या पुस्तकासाठी येनी न्यूस्त्रम या तरुण चित्रकर्तीने चित्रे काढली. १८८१ साली रिडबर्ग यांची तोम्तेवरची कविता तिच्याच चित्रांसह छापली गेली. पुढे तिच्या नाताळच्या शुभेच्छापत्रांनी लाल टोपीचा, पांढऱ्या दाढीचा प्रेमळ तोम्ते घरोघर पोचवला. गोठ्यातला तापट म्हातारा दिवाणखान्यातला आजोबा झाला.

अमेरिकेत बुटक्याला कामाला लावले गेले. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वृत्तपत्रात निनावी छापल्या गेलेल्या प्रसिद्ध नाताळकवितेत स्वतः संत निकोलसच एल्फ आहे. पुढे तो धिप्पाड सांताक्लॉज झाला आणि एल्फ त्याचे कारागीर झाले. ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने १८७३ साली खेळण्यांच्या ढिगात काम करणाऱ्या बुटक्यांचे चित्र छापले. त्या काळी जर्मनीतल्या सोनेबर्ग परिसरात घराघरांत बाहुल्या तयार होत आणि त्या कामात लहान मुलांचेही हात राबत. हसऱ्या एल्फच्या चित्रामागे ते हात दिसत नसत.

२००५ साली कॅरल एबर्सोल्ड आणि त्यांची मुलगी चँडा बेल यांनी ‘द एल्फ ऑन द शेल्फ’ हे पुस्तक बाहुल्यासह स्वतःच प्रकाशित केले. यातला एल्फ हा सांताचा हेर. दिवसा तो मुलांवर लक्ष ठेवतो, रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन खबर देतो आणि पहाटे नव्या जागी येऊन बसतो. मुलांनी त्याचे नाव ठेवायचे, पण त्याला शिवायचे नाही. शिवले तर जादू जाते. २०१४ साली कॅनडातल्या लॉरा पिंटो आणि सेलेना नेमोरिन या अभ्यासकांनी यावर बोट ठेवले : सतत कुणीतरी पाहत आहे, हे मुलांच्या अंगवळणी पाडणे बरे का?

आक्षेप रास्त आहे. पण घराघरांत काय घडले, तेही पाहिले पाहिजे. पुस्तकातला हेर आईबापांनी आपणहून खोडकर केला. पिठात लोळणे, बुटांच्या नाड्या एकमेकींत गुंतवणे, हे उद्योग त्याला घरच्यांनी शिकवले. चुकून हात लागलाच, तर माफीचे पत्र, दालचिनीची चिमूट किंवा एखादे नाताळगीत असे उतारेही निघाले. आइसलँडमध्ये जे घडायला पिढ्या लागल्या, ते इथे काही वर्षांतच झाले. वर ‘सांताला सांगेन हं’ अशी धमकी बाहुल्याच्या तोंडी न घालणारी कितीतरी घरे आहेत. तिथे एल्फ फक्त गंमत करतो आणि मुले सकाळी अंथरुणातून उठून त्याला शोधत धावतात.

ही जादू टिकते कशाने? रहस्य कडेकोट राखल्याने, असे वाटते. इतिहास वेगळे सांगतो. मूल नुसते प्रेक्षक नसते, तिथे ती टिकते. लापशीचा वाडगा मुलानेच ठेवायचा, बूट त्यानेच खिडकीत मांडायचा, बाहुल्याचे नाव त्यानेच ठेवायचे. १८९७ साली व्हर्जिनिया ओहॅनलन या आठ वर्षांच्या मुलीने न्यूयॉर्कच्या ‘सन’ या दैनिकाला विचारले होते, सांता खरेच आहे का? फ्रान्सिस चर्च यांनी निनावी अग्रलेखातून ‘आहे’ असे उत्तर दिले आणि त्याचे अस्तित्व माणसांतल्या प्रेमात व औदार्यात दाखवले.

हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच. ज्या घरात एल्फ पहारेकरी होता, तिथे खरे कळल्यावर मुलाला आपण फसवले गेलो असे वाटण्याचा धोका मोठा. इतके दिवस ज्याला भ्यालो, ते आईबापच होते तर! ज्या घरात तो सवंगडी होता, तिथे मुलाला पुढची पायरी चढता येते. धाकट्या भावंडासाठी आज रात्री बाहुला कुठे लपवायचा, हे आता त्याने ठरवायचे. हा खेळ एका पिढीकडून दुसरीकडे जातो तो याच वाटेने.