टोपणनावातलं शिरूर

वढू बुद्रुकला माणसं येतात ती शंभूराजांच्या समाधीला, आणि यावंच. पण आमच्या तालुक्याचं नाव मराठी कादंबरीत एका बाईने नेलं, हे इथे सून म्हणून आल्यावर बरीच वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. सात-बाऱ्याच्या कामाला आम्ही जातो ते शिरूर, म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून घोडनदी. तिथल्या खरे मास्तरांची बाळूताई, तीच विभावरी शिरूरकर. लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर.

बाळूताईची आई दुधाचा धंदा सांभाळायची. मास्तरांनी लेकींना हिंगण्याला, कर्व्यांच्या संस्थेत शिकायला धाडलं. हा बाप तिने पुढे ‘खरेमास्तर’मध्ये उभा केला. वाचताना मला ओळखीचे कितीतरी मास्तर आठवले. लेकींना असं धाडणारे मात्र थोडेच.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं नि गहजब झाला. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं कुणीतरी छापलं होतं. पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’. त्यातल्या अचलेचा संसार मोडलेला, जीव दुसऱ्यावर. तेव्हा हिंदू बाईला कायद्याने काडीमोड नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. अचलेने करावं तरी काय?

त्यानंतरच्या पिढीतली लेखिका गौरी देशपांडे, १९४२ची. इरावती कर्व्यांची लेक, म्हणजे हिंगण्याच्या अण्णा कर्व्यांची नात. तिच्या ‘तेरुओ’तली बाई लग्न झालेली, जीव लावते एका जपानी माणसाला, आणि गौरी तिच्याकडून माफीनामा लिहून घेत नाही. शिरूरकर बाईंना आपल्या नायिकेसाठी वकिली करावी लागे. गौरीच्या मिश्कील, भरभर बोलणाऱ्या बायकांना वकील लागत नाही, कारण तो खटला आधी कुणीतरी अंगावर घेतला होता. माझ्या मते गौरीवरचं शिरूरकरांचं ऋण एवढंच, आणि ते मोठं आहे.

एक वारसा मात्र गौरीकडे आला नाही. मालतीबाई सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम करत होत्या. त्यातून ‘बळी’ आली, १९५०ला. गौरीच्या बायका बहुतेक खात्यापित्या, विमानाने फिरणाऱ्या. आमच्याकडे कांदा काढायला येणारी बाई तिच्या पुस्तकात मला सापडली नाही.

तरी पुतणीच्या हाती मी आधी गौरीच दिली. ‘हिंदोळ्यावर’ तिने नंतर आपणहून मागून घेतली.